तारांच्या वर्षातले डिंकाचे लाडू

शेहेचाळिसाव्या वर्षी मी दातांना तारा बसवून घेतल्या, तेव्हा आमच्या लातूरच्या शाळेच्या स्टाफरूमला आठवडाभर दुसरा विषय नव्हता. विज्ञानाच्या बाईंनी चहा पुढे करत विचारलं, "मॅडम, आता या वयात कुणाला दाखवायचंय?" मी म्हटलं, "आरशाला." त्यावर त्यांना हसू काही लपवता आलं नाही. पाचवीच्या पोरांनी तर दुसऱ्याच दिवशी माझं काहीतरी नाव पाडलं असणार. ते मला शेवटपर्यंत कळू दिलं नाही, एवढा त्यांचा चांगुलपणा.

खरं म्हणजे मी डॉक्टरांकडे गेले होते ती भाचीला घेऊन. माझ्या थोरल्या भावाची ही एकुलती एक मुलगी, लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी झालेली. गाव उदगीरच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा आत. दहावीला बरे मार्क पडले तशी ती अकरावीला लातूरला आली, शिकवणी लावली आणि राहिली माझ्याकडे. मी एकटीच असते. दोन खोल्या, एक गॅलरी आणि माझा तिरसट स्वभाव, एवढ्यात तिला सामावून घ्यायचं होतं.

पोरीचे वरचे सुळे ओळ सोडून वर, हिरडीत चढून बसलेले होते आणि पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले. ती बोलताना वरचा ओठ ताणून खाली धरायची, त्यामुळे तिचे अर्धे शब्द ओठातच राहायचे. "काय म्हणालीस?" असं विचारलं की म्हणायची, "काही नाही." शिकवणीत शंका विचारायची नाही, रिक्षावाल्याला थांबा म्हणायची नाही, दुकानात वस्तूकडे बोट दाखवायची. मुकी नव्हती पोरगी, पण मुक्यासारखं जगायची सवय लागली होती. तिनं आयुष्यात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. आल्यावर महिन्याभरानं, भाजी निवडताना, खाली बघूनच म्हणाली, "आत्या, मला दाताच्या तारा बसवायच्यात. बाबांना तू विचारशील का?"

मी विचारलं. भावानं कुरकुर केली, पण माझ्यापुढे त्याचं फारसं चालत नाही.

दातांच्या डॉक्टर बाई नांदेडकडच्या, तरुण, भराभर बोलणाऱ्या. पोरीचे फोटो काढले, एक्स-रे काढला, गार लगद्यात दात रुतवून मापं घेतली आणि दातांचा पांढरा साचा करून टेबलावर ठेवला. जबडा लहान आणि दात मोठे, म्हणून जागा करायला मागचे चार लहान दात काढावे लागतील म्हणाल्या. गावाकडे हे कळलं तेव्हा वहिनींचा पहिला प्रश्न होता, वरचा दात काढला की डोळे अधू होतात ना? मी त्यांना फोनवर सांगितलं की तसं काही नसतं. त्यांनी "हं" केलं. वहिनींचं "हं" म्हणजे पटलं नाही, पण तुमच्याशी वाद कोण घालणार.

त्याच दिवशी डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमचेही करता येतील." मला वाटलं, दुकानात एक साडी घेतली की दुसरी उलगडून दाखवतात तसं चाललंय. मी फटकन विचारलं, या वयात दात सरकतात का? त्या शांतपणे म्हणाल्या की वय आड येत नाही. हिरड्या आणि हाड धड असलं म्हणजे झालं. फक्त मुलांचं हाड वाढीचं असतं, ते लवकर ऐकतं, आपलं जरा हट्टी असतं, म्हणून वेळ जास्त लागतो. तारा काढल्यानंतरही दातांना जुनी जागा आठवत राहते, म्हणून पुढे रिटेनर, म्हणजे दातांना जागेवर धरणारी पट्टी, घालावी लागते, मुलांना आणि आपल्यालाही. मी घरी आले, दोन दिवस स्वतःशीच भांडले आणि हिरड्या साफ करून घ्यायला गेले. माझे पुढचे दात लहानपणापासून बाहेर. त्यावरून मी इतकी बोलणी खाल्लीत की इतरांना बोलायला मी फार लवकर शिकले.

तर असा आमचा दोघींचा संसार सुरू झाला. सकाळी बेसिनपाशी दोघी बारीक ब्रश घेऊन तारांमधून कण काढत उभ्या. गालाला टोचलं की मेणाची चिमूट मळून टोकावर चिकटवायची. तार घट्ट करून आलं की दोन दिवस वरणभात. पोरगी पहिल्यांदा माझ्यासमोर मोकळी हसली ती या काळात, माझ्या तारेत अडकलेली मेथी बघून.

आता डब्याचं सांगते. आमच्या भागातल्या गावांतून लातूरला शिकणाऱ्या पोरांचे डबे रोज पहाटेच्या एसटीनं येतात. आई चारला उठते, भाकरी थापते, डबा कापडी पिशवीत घालून बस अडवते आणि कंडक्टर ती पिशवी ड्रायव्हरच्या मागे रचतो. स्टँडवर पोरं उभी असतात. प्रत्येक पिशवीच्या बंदाला जुन्या साडीची चिंधी बांधलेली असते. कुणाची हिरवी, कुणाची काठाची. त्यावरून ज्याची त्याला ओळखता येते. माझी भाची माझ्या घरात राहत होती, माझ्या घरी गॅस होता, मला स्वयंपाक येतो, तरी वहिनींचा डबा यायचाच. त्यांच्या मते मी चहा आणि टोस्टवर जगते. हे अगदीच खोटं नाही, पण त्यांनी ते सगळ्या गावाला सांगायची गरज नव्हती.

तारा बसवल्यावर पहिल्या आठवड्यात पोरीनं फोनवर आईला सहज सांगितलं, "आई, दात हालायलेत गं." तिला वाटलं, आपण गंमत सांगतोय. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की दात हलणार. तारेच्या ओढीनं दात ज्या बाजूला सरकतो, तिकडचं हाड थोडं विरतं आणि मागे नवं भरत येतं. मधल्या काळात तो जरा सैल असतो. पण हे सगळं फोनवर कोण सांगत बसणार. पोरीनं एक वाक्य सांगितलं आणि अभ्यासाला बसली. पलीकडे वहिनी काय घेऊन बसल्या, ते आम्हाला कळलं नाही.

थंडी पडायला लागली तसे डब्याबरोबर लाडू यायला लागले. डिंकाचे. खारीक, खोबरं, गूळ आणि तुपात फुलवलेला डिंक, पण वहिनींनी गुळाचा पाक असा पक्का केलेला की लाडू खाली पडला तर फरशीची काळजी वाटावी. त्यासोबत फुटाणे, कडक भाकरीचे तुकडे आणि एकदा तर बाभळीच्या कोवळ्या काड्यांची जुडी. या काड्या चावून दात घासले की मुळं धरतात, असा निरोप होता. मी नाक मुरडलं आणि काड्या गॅलरीत ठेवल्या. लाडूंकडे माझं लक्ष नव्हतं, कारण मला ते चावणं शक्यच नव्हतं आणि पोरीलाही चावत नसतील असं मी धरून चालले.

पण तिच्या टिकल्या निघायला लागल्या. दातावर चिकटवलेली ती चौकोनी टिकली, ब्रॅकेट म्हणतात तिला, ती निघाली की तार लोंबते आणि तो दात जिथं आहे तिथं थांबतो. कधी कधी मागेही जातो. डॉक्टरांनी एकदा बसवून दिली, दुसऱ्यांदा बसवून दिली. तिसऱ्यांदा एकदम दोन निघाल्या तेव्हा त्या गंभीर झाल्या. "हे असं होत राहिलं तर मला तारा काढून टाकाव्या लागतील. दातांच्या मुळांशी मी खेळू शकत नाही. काय खातेस तू?" पोरगी ओठ ताणून म्हणाली, "काही नाही."

मला आधी वाटलं, शिकवणीच्या बाहेर चिक्की खात असेल. मग एका रविवारी मी अचानक स्वयंपाकघरात गेले, तर ही ओट्याला टेकून डिंकाचा लाडू दाढेखाली धरून उभी होती. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती चावत होती.

"टाक ना तो," मी म्हटलं.

"आईनं पाठवलाय."

"अगं, पण त्यानंच तुटतायत ना तारा? मी सांगते वहिनींना."

"नको सांगू आत्या. ती रोज संध्याकाळी विचारती, लाडू खाल्ला का. मी हो म्हणते. खोटं कसं बोलू?"

मला तिचा रागही आला आणि तिला पोटाशी धरावंसंही वाटलं. दोन्ही करता येत नव्हतं, म्हणून मी तिच्या हातातला लाडू काढून घेतला. आणि तिनं नको म्हटलं तरी संध्याकाळी फोन केलाच. मी वहिनींना म्हटलं, हे लाडू पाठवू नका, तारा तुटतात, आणि दात हलायचं म्हणाल तर ते हलायलाच पाहिजेत. माझ्या तोंडून गोष्टी नेहमी अशाच येतात, एका दमात आणि वहीतल्या चुका तपासल्यासारख्या. वहिनी म्हणाल्या, "हालायलाच पायजेत म्हंता? असं कुठं आस्तंय का ताई?" आणि फोन ठेवला.

दोन दिवसांनी भावाचा फोन. आवाज चढलेला. "पोरीचे चार दात आधीच उपटले, राहिलेले हालायलेत. उद्या बोळकं झालं तर कोण करून घेईल तिला? बास झालं ते. काढून टाका तारा. तिची आई यायलीय, तिच्यासमोर काढा." मी बोलायला तोंड उघडलं तोवर फोन बंद. पोरगी दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती पुस्तक उघडून बसली, आणि तासाभरानंही तेच पान उघडं होतं.

वहिनी आल्या त्या डब्याच्याच बसनं. डबा आज त्यांच्या मांडीवर होता आणि सोबत लाडवांचा स्टीलचा मोठा डबा. तारा काढल्यावर दात पुन्हा घट्ट व्हावेत म्हणून. स्टँडवर उतरल्या उतरल्या त्यांनी लेकीची हनुवटी धरली, तोंड उघडायला लावलं आणि आत बघून नुसता उसासा सोडला. मी वाद घालायची तयारी रात्रीपासून करून ठेवली होती, पण त्यांचा चेहरा बघून नुसता रिक्षाला हात केला. बाई खरोखर घाबरलेली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी पोरीला खुर्चीत आडवं केलं. ओठ मागे ओढून धरणारी प्लॅस्टिकची चौकट तोंडात बसवली. ती बसवली की बोलता येत नाही, फक्त ऐकता येतं. मग वहिनींकडे वळल्या. मी आधीच डॉक्टरांना सगळं सांगून ठेवलं होतं. वाटलं, आता समजावतील. त्यांनी समजावलं नाही. खोक्यातून एक नवा हातमोजा काढून वहिनींच्या पुढे धरला. "घाला. आणि हा दात हलवून बघा."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं, मग मोजा घातला. डॉक्टरांनी दाखवलेल्या सुळ्याला बोट लावलं. तो किंचित हलला. त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"आता हा." डॉक्टरांनी शेजारचा पुढचा दात दाखवला. "जोर लावून बघा."

वहिनींनी बोट टेकवलं, मग अंगठाही लावला. दात जागचा हलला नाही. त्यांनी पुन्हा जोर लावला.

"हा दोन महिन्यांपूर्वी त्या सुळ्यापेक्षा जास्त हलत होता," डॉक्टर म्हणाल्या. "आता तो त्याच्या जागेवर पोचलाय. पोचला की हाड त्याला धरतं." आणि टेबलावरचा पांढरा साचा वहिनींच्या दुसऱ्या हातात दिला. "हे हिचे आधीचे दात."

वहिनी एकदा साच्याकडे बघायच्या, एकदा लेकीच्या तोंडाकडे. एकावर एक चढलेले ते दोन दात आता शेजारी शेजारी उभे होते. साच्यावर मोजा घातलेलं बोट फिरवत त्यांनी विचारलं, "हाललेला दात परत घट्ट बसतोय?"

"या कारणानं हललेला बसतो."

"माझे न्हाई बसले."

त्या हे इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या की आधी कुणाला समजलंच नाही. डॉक्टरांनी विचारलं, तुमचे कधी हलले? वहिनींनी पदर तोंडाशी नेला, मग मोजा घातलेला हात आहे हे लक्षात येऊन खाली घेतला.

"हिच्या वक्ताला. ही झाली आन् महिन्यातच हालायला लागले. आधी मागचे गेले, मग हिकडचे. माझी माय तवा न्हवती. सासूबाई अंथरुनावर. बाळंतिणीला डिंकाचे लाडू देत्यात, हाडं भरून येत्यात, ते करायला कोन होतं? मीच उठून भाकरी थापायले आठव्या दिशी." त्यांनी लेकीकडे बघितलं. "हिनं फोनवर सांगितलं, दात हालायलेत. म्हनलं, हिला तरी भेटू द्यावं."

सासूबाई म्हणजे माझी आई. अर्धांगानं पडली होती ती त्या वर्षी. मी तेव्हा नांदेडला नोकरीला होते, बारशाला गेले, बाळ बघितलं, वहिनी बारीक झाल्यात एवढं मनात आलं. त्या एका बाजूनं जेवतात हे मी इतकी वर्षं बघत आले होते आणि मला वाटायचं, त्यांची तशी सवयच आहे. मला रडू आलं. तोंडात तारा असताना रडणं फार अवघड जातं, ओठ सगळीकडे अडकतात.

खुर्चीत पोरगी तोंड उघडं ठेवून आडवी होती. बोलता येत नव्हतं, उठता येत नव्हतं. तिच्या डोळ्यांतलं पाणी दोन्हीकडून कानांत चाललं होतं आणि मदतनीस बाई ते कापसानं टिपत होत्या.

डॉक्टरांनी वहिनींच्याही हिरड्या बघितल्या. म्हणाल्या, तुमचे दात लाडू मिळाले नाहीत म्हणून गेले नाहीत, हिरड्यांना सूज धरली होती, तेव्हा कुणी दाखवलं असतं तर वाचले असते. उरलेल्यांतले बरेचसे अजून वाचतील, खोलवर साफ करून घ्यावं लागेल. वहिनींनी ऐकून घेतलं आणि "हं" म्हणाल्या. या वेळचं "हं" निराळं होतं. मग त्यांनी विचारलं, "हिच्या तारा ऱ्हाऊ द्यायच्या का मग?"

"तुम्ही सांगा."

भावाचा फोन तेवढ्यात आलाच. काढल्या का, एवढंच विचारायला. वहिनींनी फोन कानाला लावला. नवऱ्याशी त्या कधी उलट बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "न्हाई काढल्या. म्या हात लावून बघितलंय. तुमी बघितलं न्हाई." आणि फोन माझ्याकडे दिला. मी तो बंद केला, भावाला काय म्हणायचं होतं ते ऐकायची मला अजिबात उत्सुकता नव्हती.

निघालेल्या टिकल्या बसवून घ्यायला दुपार झाली. घरी आलो तेव्हा तिघीही थकलेल्या होतो. आईबरोबर चालताना पोरगी तिच्या अंगाला अंग लावून चालत होती, लहानपणी चालायची तशी. मी चहा टाकला. वहिनी पिशवी आवरायला बसल्या. लाडवांचा डबा हातात घेऊन म्हणाल्या, "हे घेऊन जाते माघारी. हितं कोन खानार?" खरंच होतं. माझ्या तोंडात तारा, पोरीच्या तोंडात तारा, आणि वहिनींना चावायला धड दाढा नाहीत. मला हसू फुटलं, मग वहिनींनाही.

पोरगी हसली नाही. तिनं आईच्या हातातून डबा घेतला, ओट्याखालचा खलबत्ता काढला आणि एक लाडू त्यात टाकून कुटायला लागली. चांगला वेळ लागला, लाडू वहिनींचा होता. बारीक भुगा झाला तशी तिनं तो वाटीत काढला, गरम दूध ओतलं, चमच्यानं हलवत राहिली. मला वाटलं, स्वतःसाठी करतेय. तिनं वाटी आईपुढे ठेवली.

"आगं, तुझ्यासाठी केलते मी," वहिनी म्हणाल्या.

"तुझं राहिलं होतं ना," पोरगी म्हणाली. ओठ न ताणता, सगळे शब्द नीट ऐकू येतील असं.

वहिनींनी वाटी उचलली. पहिला घास तोंडात घेतला आणि तो गिळायला त्यांना फार वेळ लागला, चावायचं काही नव्हतं तरी. पोरगी वाटी रिकामी होईपर्यंत तिथंच उभी राहिली आणि मग दुसरा लाडू कुटायला बसली.